छोट्या गाडीमागचं मोठं घर

उदयसिंह सरनोबत सर घर बांधतायत आणि त्या घराला चाकं असणार आहेत, ही गोष्ट त्यांनी कोल्हापुरातल्या आपटेनगरात कुणालाच सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. म्हणजे सांगितली होती, पण त्या वेळी क्रांतीवहिनी मिक्सरवर चटणी वाटत होत्या आणि सरांनी मुद्दामच ती वेळ निवडली होती. वहिनींनी मिक्सर बंद करून "काय म्हणालात?" असं विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "काही नाही, चटणी बारीक करा."

सगळ्याच्या मुळाशी होते आक्कांचे गुडघे. आक्का म्हणजे क्रांतीवहिनींची थोरली बहीण, पलीकडच्याच गल्लीत राहणारी. माहेर नेसरी. गावच्या यात्रेला न चुकता जाणारी बाई, पण गुडघे गेले तसं जाणं थांबलं. माहेरच्या घरी खाली बसायचा संडास, यात्रेत घर पाहुण्यांनी भरलेलं, झोपायचं जमिनीवर. एकदा बसल्या की त्यांना उठवायला दोन माणसं लागत. "आता नेसरीला नगं," त्या म्हणाल्या होत्या, "माझ्यापायी दोन माणसं यात्रा सोडून संडासाच्या दाराशी उभी ऱ्हायची, हे काय बरं दिसतंय व्हय?" बोलल्या हसतच, पण त्यानंतर बराच वेळ त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, गुंडाळलं आणि सोडलं. ते सरांनी पाहिलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी सरांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. परदेशातलं एक म्हातारं जोडपं, पुढे गाडी, मागे जोडलेलं पांढरंशुभ्र घर. घरात पलंग, स्वयंपाकाचा ओटा आणि कमोड. सरांनी व्हिडिओ तिथेच थांबवला. पुढे त्या जोडप्यानं गाडीबद्दल काय सांगितलं, हे त्यांनी पाहिलंच नाही. ते पाहिलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

सर हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. घाट, खिंडी, उतार, चढ, सगळं त्यांनी फळ्यावर रंगीत खडूनं काढलेलं. सह्याद्री तर ते डोळे मिटून काढत. आता फळ्यावरच्या सह्याद्रीवर गाडी तापत नाही, ही त्या विषयाची एक मर्यादा आहे, पण ती अभ्यासक्रमात नव्हती.

घर बांधायचं काम सरांनी बाळासोला दिलं. बाळासो त्यांचा जुना विद्यार्थी, भूगोलात कायम काठावर पास झालेला, पण शिरोली एमआयडीसीत स्वतःची शेड टाकून उसाच्या ट्रॉल्या करणारा. त्याची ट्रॉली मोडली असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. सरांनी त्याला व्हिडिओ दाखवला आणि सांगितलं, "बाळासो, हलकं पाहिजे. पातळ पत्रा, आत प्लायवूड."

बाळासोचा चेहरा पडला. "सर, पातळ पत्रा? तुमच्यासाठी? मी काय बिस्किटाचा डबा करतोय व्हय? उद्या लोकं म्हंतील, बाळासोनं सरांना फसवलं."

"अरे, पण गाडीनं ओढायचंय."

"वडंल की! चाक हाय म्हटल्यावर काय वजन? गोल हाय, फिरणारच."

या विधानात शास्त्रीय चूक आहे असं सरांना वाटलं, पण नेमकी कुठे, ते चटकन सापडेना. आणि इतक्या आदरानं बोलणाऱ्या माणसाला मधेच तोडणं त्यांना जमत नसे. त्यामुळे घर उसाच्या ट्रॉलीच्या सांगाड्यावर उभं राहिलं. त्यावर जाड पत्रा. आत लोखंडी पलंग, "आक्कांनी कूस बदलली तरी हलायला नको" म्हणून तळाला वेल्डिंग केलेला. छताखाली पाण्याची टाकी. आणि शेवटच्या दिवशी बाळासोनं पडदा सारून दाखवलं, तर स्वयंपाकाच्या ओट्यावर काळाभोर ग्रॅनाइट.

"हे माझ्याकडनं वहिनींना," तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला.

ग्रॅनाइट नको म्हणणं म्हणजे त्याचं मन मोडणं. सरांनी हात फिरवला, "गुळगुळीत आहे," म्हणाले, आणि विषय बदलायला विचारलं, "याला ब्रेक कुठं?"

"ब्रेक गाडीला हाय की. दोघांनी ब्रेक मारल्यावर भांडणं न्हाईत का व्हायची?"

हेही सरांना चुकीचं वाटलं. हेही कुठे, ते सापडलं नाही.

मधल्या काळात नोंदणीचं प्रकरण झालं. आरटीओतल्या एजंटानं घराचे फोटो उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, "सर, हे शेतीचं म्हणून घालू की मालवाहतुकीचं?"

"राहण्याचं आहे."

"राहण्याचं म्हणजे घरफाळा लागणार. चाकं हायत म्हणजे वाहनकर लागणार. दोन्ही लावायचं, का एकातच भागवायचं?"

"यात आमची आक्का झोपणार आहे."

"मग मालवाहतुकीचं न्हाई होत," एजंट विचार करून म्हणाला. या वाक्यानं सर बरेच दिवस दुखावलेले होते. कागद कसाबसा झाला. कोणत्या सदरात झाला, हे त्यांनी घरी सांगितलं नाही.

घर गल्लीच्या तोंडापर्यंत बाळासोच्या ट्रॅक्टरनं आणून सोडलं. मग सरांनी आपली गाडी काढली. गाडी छोटी, पांढरी. दोन माणसं आणि एक भाजीची पिशवी, एवढाच संसार डोळ्यांसमोर ठेवून कुणीतरी केलेली. बाळासोनं तिच्या मागे आधीच एक हूक बसवून ठेवला होता. तो हूक ट्रॅक्टरचा होता. गाडीपेक्षा हूकच जास्त विश्वासाचा वाटत होता.

घर हूकवर टेकवलं आणि गाडी मागून खाली बसली. पुढून वर उठली. जेवण अंमळ जास्त झालेला माणूस आरामखुर्चीत रेलतो, तशी. दिवे लावून पाहिले तर उजेड थेट समोरच्या बंगल्याच्या दुसऱ्या मजल्यावर.

आपटेनगर जमलं. सल्ला देणं हा आपल्याकडे हक्क आहे, आणि आपटेनगरात तर ते कर्तव्य आहे. कुणी म्हणालं टायरमध्ये हवा जास्त भरा, कुणी म्हणालं कमी करा. शेवटी शेजारचे विजयसिंह इंगळे पुढे आले. हे तारुण्यात कुस्त्या खेळलेले, आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांकडे वजन कुठे टाकायचं या एकाच नजरेनं पाहणारे.

"सर, वजन पुढं आलंय. गाडीच्या मानंवर बसलंय ते. सगळं मागं सारा. टाकी मागं, सिलिंडर मागं, भांडी मागं. गाडी कशी मोकळी हुती बघा."

सगळ्यांनी मिळून सगळं मागे सारलं. आणि खरोखर, गाडी सरळ झाली. नाक खाली आलं, दिवे रस्त्यावर पडले. टाळ्या वाजल्या. विजयसिंहांनी मिशीवरून हात फिरवला.

क्रांतीवहिनी दारात उभ्या होत्या. त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, निवृत्त झाल्यावरही माणसाकडे बघून ताप ओळखणाऱ्या. त्यांनी एकच विचारलं, "गाडी केवढी आणि घर केवढं, हे कुणी बघितलंय का?"

"वजनाचा समतोल साधलाय," सर म्हणाले.

"समतोल नाही विचारला. केवढं ते विचारलं."

 मग विजयसिंह म्हणाले, "वहिनी, मुंगी केवढी असतीय? साखरेचा दाणा केवढा वडती?" आणि मुंगी तो दाणा हायवेवरून ओढत नाही, हे म्हणायच्या आत वहिनींचं दूध उतू गेलं.

घर गल्लीतून बाहेर काढणं हा दुसरा धडा झाला. मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की घर उजवीकडे जातं, आणि उजवीकडे वळवलं की इंगळ्यांच्या बोगनवेलीत. बोगनवेल गेली. दुसऱ्या दिवसापासून विजयसिंहांचे सल्ले बंद झाले. मग सरांनी रंकाळ्यावर एक फेरी मारून पाहिली. अगदी हळू, सायकलींना वाट देत. सगळं झकास. फक्त चौपाटीजवळ थांबले तेव्हा एक कुटुंब घराच्या खिडकीशी येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "दोन भेळ, एक बिनकांद्याची." सरांनी त्यांना समजावून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "मग नुसता चहा?"

यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी निघाले. गाडीत सर आणि वहिनी, मागच्या सीटवर सामान. आक्का घरात.

हे ठरलं नव्हतं. वहिनींचं म्हणणं होतं की आक्कांनी गाडीत बसावं. पण मागच्या सीटवर आक्कांचे गुडघे दुमडेनात. आक्का म्हणाल्या, "एवढा पलंग केलाय माझ्यासाठी, आणि मी हितं पाय मुडपून मरू व्हय? मी मागं बसतो." वहिनी नको म्हणाल्या. दोघींनी सरांकडे पाहिलं. आणि सर म्हणाले, "बसू दे की. घर भक्कम आहे."

पुढे कितीतरी दिवस त्यांना हे वाक्य ऐकू यायचं, स्वतःच्याच आवाजात.

फोन चालू ठेवायचा असं ठरलं. वहिनींच्या हातातल्या मोबाईलमधून आक्कांचा आवाज गाडीत येत राहिला. "कागल आलं का? ... ऊस लई झालाय औंदा. ... क्रांते, हितनं सगळं उलटं दिसतंय गं, गेल्यालं गाव दिसतंय, येणारं दिसत न्हाय." आक्का खूश होत्या. सरही खूश होते. आरशात मागचा रस्ता दिसत नव्हता, नुसतं घर दिसत होतं, पण तेही चांगलंच दिसत होतं.

मग एक ट्रक बाजूनं सुसाट गेला. त्याच्या वाऱ्यानं घर जरासं डावीकडे झुकलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, पहिल्यापेक्षा जास्त. सरांच्या हातातलं स्टिअरिंग एकाएकी रिकामं वाटायला लागलं, आणि गाडीचा मागचा भाग घराच्या मर्जीनं इकडून तिकडे जाऊ लागला. एखाद्या दांडग्या नातेवाइकानं खांद्याला धरून हलवावं तसं.

"उदयराव," फोनमधून आक्का म्हणाल्या, "घर हलतंय की ओ."

सरांनी पाय उचलला. ब्रेक मारायचं धाडस झालं नाही, आणि तेच बरं झालं. वेग उतरला तसं घर हळूहळू शांत झालं. 

"वारा आहे आज," ते म्हणाले.

वहिनींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. उसाचं एक पान हलत नव्हतं.

कागलच्या पुढे ते झाडाखाली थांबले. वहिनी म्हणाल्या, "आक्का पुढं येईल. सामान मागं टाका." सर म्हणाले, "थोडंच राहिलंय." वहिनी म्हणाल्या, "अर्ध्याच्या वर राहिलंय." एवढ्यात घराच्या दाराशी चार म्हातारी माणसं रांगेत उभी राहिली. सगळ्यात पुढच्यानं टोपी काढून विचारलं, "डोळं तपासताय न्हवं? मोतीबिंदू हाय माझा."

वहिनी परिचारिकाच. त्यांनी म्हाताऱ्याची पापणी वर करून पाहिली आणि कुठे दाखवायचं ते सांगितलं, मग दुसऱ्याची पाहिली. ते होईपर्यंत आक्का पलंगावर आडव्या होऊन घोरत होत्या. त्यांना उठवणं दोघांच्याही जिवावर आलं. आणि खरं सांगायचं तर आक्कांना पुढे बसवणं म्हणजे घर फसलं असं कबूल करणं, आणि ते सरांच्या जिवावर आलं. ते पुन्हा निघाले, पण आता गोगलगाईच्या चालीनं, मागे हॉर्नची रांग घेऊन.

निपाणी मागे पडली आणि घाट सुरू झाला.

हा घाट सरांनी फळ्यावर कधी काढला नव्हता, इतका तो साधा. बसमधून जाताना कळतही नाही. पण त्या दिवशी पहिल्याच वळणावर गाडी तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर आली आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला. मग वास आला. काहीतरी जळाल्याचा.

"क्लच," सर म्हणाले.

"मला माहीत नाही काय ते, पण थांबवा," वहिनी म्हणाल्या.

थांबवायची गरजच पडली नाही. गाडी आपणहून थांबली. क्षणभर सगळं स्थिर झालं. सरांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, आणि एक मोठा श्वास घेतला. तो श्वास सोडायच्या आत गाडी मागे जायला लागली.

ब्रेक लागलेले होते. पण मागे सारलेल्या सगळ्या वजनानं चढावर घर मागे झुकलं होतं, आणि त्यानं गाडीचा मागचा भाग हूकला धरून वर उचलून धरला होता. हँडब्रेक मागच्या चाकांना, आणि मागची चाकं रस्त्यावर नुसती टेकल्यासारखी. पुढची दोन चाकं एकटी काय धरणार? ती डांबरावरून घसरत होती. घर उतारानं निघालं होतं आणि गाडी त्याच्या मागे, लग्नात फरपटत नेलेल्या पाहुण्यासारखी.

वहिनींनी दार उघडलं आणि उडी मारली. साडीचा काठ खोचत त्यांनी कडेचा दगड उचलला आणि घराच्या चाकामागे टाकला. चाक त्यावरून गेलं. त्यांनी दुसरा उचलला, मोठा, दोन्ही हातांनी, आणि ओरडल्या, "वळवा!"

कुठे वळवायचं? उजवीकडे सगळा हायवे, खालून चढत येणारे ट्रक. डावीकडे डोंगराची मातीची भिंत. घर डावीकडे न्यायचं म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे, हे सरांनी बोगनवेल घालवून शिकलेलं होतं. ते त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. त्यांना काहीच आठवलं नाही. त्यांनी घाबरून स्टिअरिंग जोरात उजवीकडे फिरवलं, आणि ते बरोबर निघालं. घर डावीकडे वळलं, वहिनींच्या दगडावर एक चाक अडखळलं, आणि घराचा मागचा कोपरा मातीत घुसला. धाड. वरून मातीची ढेकळं पत्र्यावर पडत राहिली. मग तेही थांबलं.

सर गाडीतून उतरले.  "आक्का!" त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. फोन गाडीत खाली कुठेतरी पडला होता, तोही गप्प. घराचं दार मातीच्या बाजूला, उघडणं शक्य नव्हतं. सर दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे धावले. त्या चार पावलांत त्यांनी आक्कांना नेसरीत, कोल्हापुरात, स्वतःच्या लग्नात करवली म्हणून, सगळीकडे पाहून घेतलं.

"आक्का! आक्का, लागलं का? बोला की!"

आतून भांडं गडगडल्याचा आवाज आला. मग आक्कांचा. "कोण हाय? उदयराव? आत बघू नका हं. मी कमोडवर बसलोय."

"काय?"

"आवं, पलंगावरनं खाली पडाया लागलो. धरायला पक्की जागा तेवढीच हुती. त्या बाळासोनं दांडा बसवलाय न्हवं भिंतीला, लई भारी बसवलाय. गच्च धरून बसलो." मग जरा थांबून, बारीक आवाजात, "क्रांती बरी हाय न्हवं?"

सर रस्त्याच्या कडेला बसले. चष्मा काढला. वहिनी आल्या, त्यांच्या हाताला माती आणि बोटाला रक्त. त्यांनी सरांची नाडी पाहिली, सवयीनं, आणि सोडली नाही. दोघं तसेच बसून राहिले, चौपाटीवरच्या भेळवाल्यांसारखे, घराच्या सावलीत.

"मी बसू दे म्हणालो," सर म्हणाले.

"ते मागनं," वहिनी म्हणाल्या. "आधी आक्काला काढू."

काढलं ते बसाप्पानं. हा संकेश्वराकडचा शेतकरी, उसाच्या ट्रॉल्या कारखान्याच्या रांगेत लावून नुसत्या ट्रॅक्टरवरून घरी जेवायला निघालेला. त्यानं ट्रॅक्टर थांबवला, घराकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, पुन्हा घराकडे पाहिलं. "यप्पा!" तो म्हणाला. "पावणं, ह्यानं हे वडत हुता?"

सरांनी मान हलवली. होय की नाही, ते मानेलाच ठाऊक.

बसाप्पा हसला नाही. त्यानं आधी मागे जाऊन झाडाच्या फांद्या तोडून रस्त्यात टाकल्या, येणाऱ्यांना कळायला. मग घर गाडीपासून सोडवून ट्रॅक्टरला लावलं. घराची कडी खटकन बसली, जणू इतके दिवस ट्रॅक्टरचीच वाट बघत होती. ट्रॅक्टरनं घर सहज मातीतून उपसलं. दार मोकळं झालं. आक्कांना उतरवलं तेव्हा त्यांच्या केसांत चहापूड होती. त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि बसाप्पाशी सीमेकडच्या कानडीत काहीतरी बोलल्या. तो मान खाली घालून ऐकत होता. मग आक्का परत घरात चढायला निघाल्या.

"आक्का!" सर आणि वहिनी एकदमच ओरडले.

"का? आता तर ट्रॅक्टर हाय."

त्यांना ट्रॅक्टरच्या चाकावरच्या जागेवर बसवावं तर चढता येईना. शेवटी गाडीतलं सगळं सामान घरात गेलं आणि आक्का गाडीत आल्या, मागची सीट पुरती आडवी व्यापून. गाडी थंड झाल्यावर मोकळीच कशीबशी चढली. जळक्या क्लचचा वास नेसरीपर्यंत सोबत होता.

बसाप्पा घर संकेश्वरपर्यंतच ओढणार होता. पुढच्यासाठी वहिनींनी भावाला फोन लावायला घेतला, तेव्हा सर म्हणाले, "थांब. मी करतो." गणपतराव हे सरांचे मेहुणे. नेसरीतले मोठे शेतकरी, आवाज तालुक्याला पुरेल एवढा. घर घेऊन त्यांच्या दारात उतरायचं, हे दृश्य सरांनी मनात अनेकदा रंगवलं होतं. त्यात हा फोन नव्हता.

"गणपतराव, मी उदय. घर ओढवेना. संकेश्वरला ट्रॅक्टर घेऊन या."

 "दाजी, घर म्हंजे?"

"या, मग बघा."

असं ते नेसरीत शिरलं. पुढे गणपतरावांचा ट्रॅक्टर, मागे मातीनं माखलेलं, एका कोपऱ्यात चेपलेलं घर, आणि त्याच्या मागे, धुराड्यातून खोकत, सरांची छोटी गाडी. यात्रेच्या कमानीपाशी सगळं गाव उभं. कुणीतरी ओरडलं, "तमाशाचा फड आला रं!" सरांनी खिडकीची काच वर केली. काच अर्ध्यावर अडकली.

पण संध्याकाळपर्यंत गोष्ट पालटली. घर गणपतरावांच्या विहिरीजवळ आंब्याखाली लावलं, टाकीत पाणी भरलं आणि मागे शोषखड्डा खणून दिला. आक्का पायरीवर बसल्या. मग गावातल्या बायका यायला लागल्या. आक्कांच्या मैत्रिणी, चुलत्या, भावजया, गुडघ्यांनी त्रस्त झालेल्या सगळ्या. आधी बोलायला, मग आत डोकावायला, मग संकोचानं, "आक्का, जरा जाऊ का गं आत?" दुसऱ्या दिवशी तर रांग लागली. विठाबाई नावाच्या एक आजी बाहेर आल्या, सरांसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "लेकरा, लई पुण्य लागंल बघ तुला." सरांना आयुष्यात शाली-श्रीफळं मिळाली होती, पण असं कारण कधी नव्हतं. त्यांनी नमस्कार केला.

गणपतरावांची पोरं मात्र कानाआड त्यांना 'कमोड दाजी' म्हणत होती. सरांनी ऐकलं. आणि ऐकलं नाही असं केलं.

क्लच गडहिंग्लजच्या मेकॅनिकनं बदलून दिला. यात्रा सरली आणि निघायचा दिवस आला. सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, सगळे जमलेले. गणपतराव म्हणाले, "दाजी, जाताना काय अवघड न्हाय. सगळा उतार. घर आपसूक जातंय, गाडीनं नुसतं म्होरं पळायचं."

बाळासोचाही फोन आला होता. "सर, वजन पुढं घ्या, मग हलत न्हाय. मी सांगतो न्हवं!"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. आयुष्यभर त्यांनी उताराची व्याख्या पोरांकडून पाठ करून घेतली होती. "मी हे घर घाटातून खाली नेणार नाही," ते म्हणाले.

"मी ट्रॅक्टरनं पोचवतो की मग निपाणीपातूर."

"निपाणीनंतर हायवे आहे. नको."

गणपतरावांच्या मिशा हलल्या. "भ्यालाय व्हय दाजी?"

सोप्यातली सगळी माणसं सरांकडे पाहू लागली. पोरंसुद्धा. वहिनी दारात उभ्या होत्या, बोटाला पट्टी.

"व्हय," सर म्हणाले. इतक्या वर्षांत नेसरीत ते पहिल्यांदाच नेसरीसारखं बोलले. "लई भ्यालोय. त्या दिवशी आक्का गप्प झाल्या तेव्हा जेवढा भ्यालो तेवढा जन्मात भ्यालो नव्हतो. पुन्हा भ्यायची माझी ताकद नाही."

कुणी हसलं नाही. गणपतरावांनी खाली पाहिलं. मग त्यांचा आवाज आला, पण तालुक्याला पुरेल असा नव्हे, सोप्यापुरता. "मग ऱ्हाऊ द्या हितंच. आंब्याखाली काय वाईट हाय?"

"आणि मीबी ऱ्हातो," आक्का आतून येत म्हणाल्या. "पावसापातूर. मला काय कोल्हापुरात कोण वाट बघतंय? हितं माझा पलंग हाय, माझा कमोड हाय, आणि रोज दहाजणी येत्यात." त्या बोलत होत्या तेव्हा पदराचं टोक बोटातून सुटलेलं होतं आणि हात मोकळे होते. सरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी आक्कांकडे पाहत होत्या.

दोघंच परत निघाले. गाडी इतकी हलकी वाटत होती की पहिल्या खड्ड्यावर सरांना वाटलं, काहीतरी विसरलं. संकेश्वर गेलं. घाटाचा माथा आला. पलीकडच्या रस्त्याच्या कडेला मातीच्या भिंतीत एक चौकोनी खाच अजून दिसत होती. सरांनी गाडी दुसऱ्यावर घेतली आणि उतरायला लागले.

"हळू," ते स्वतःशीच म्हणाले. वहिनींनीही म्हणायला हवं होतं. त्या नेहमी म्हणत. सरांनी वळून पाहिलं.

क्रांतीवहिनी झोपल्या होत्या. मान खिडकीकडे कललेली, पट्टी बांधलेला हात मांडीवर उताणा. सर गाडी चालवत असताना त्या कधी झोपल्याचं सरांना आठवेना. मागून एका ट्रकनं हॉर्न मारला, मग दुसऱ्यानं, मग मोटरसायकलवरच्या एकानं बाजूनं जाताना डोकावून काहीतरी सुनावलंसुद्धा. एरवी सरांनी त्याला उत्तर दिलं असतं. त्यांनी काच वर केली, जाईल तेवढी, आणि वहिनींची मान हलणार नाही एवढ्याच वेगानं घाट उतरत राहिले.